दिनोक्रातेससाठी प्रार्थना, पर्पेतुआकडे विनंती

‘सुरुवातीचे ख्रिस्ती लोक हुतात्म्यांचं श्राद्धच घालायचे.’ हे वाक्य निरनिराळ्या लेखांत इतक्यांदा भेटलंय की आता ते दिसलं की कपाळाला आठी पडते. पूर्ण चूक असतं तर सोडून दिलं असतं. अर्धं बरोबर आहे, तोच त्रास आहे.

श्राद्ध काय असतं हे मी सांगायला नको. तिथी, पान, कावळा, सगळं तुम्हाला पाठ आहे. रोमन लोकांचंही जवळपास तसंच होतं. 13 ते 21 फेब्रुवारी हे त्यांचे परेंतालियाचे दिवस. घरची माणसं वेशीबाहेरच्या थडग्यांवर जायची, धान्य, मीठ, वाइनमध्ये भिजवलेली भाकरी ठेवायची. बाप्तिस्मा घेतला म्हणून ही सवय सुटली नाही. रक्तसाक्षीच्या, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या, थडग्यावरही लोक जेवण घेऊन जात. पुढे आफ्रिकेत बिशप झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे मिलानमध्ये लापशी, भाकरी आणि वाइन घेऊन गेली, तेव्हा दारवानानं तिला अडवलं. बिशप अँब्रोजची मनाई होती. एक कारण दारूबाजी, आणि दुसरं म्हणजे हे सगळं परेंतालियासारखं दिसतं! म्हणजे आपला घोळ चौथ्या शतकातही होताच.

जेवण, दिवा, वार्षिक दिवस ही साम्यं वरवरची आहेत, त्यांत फार अडकू नका. रक्तसाक्षीच्या मृत्यूच्या दिवसाला ख्रिस्ती लोक ‘जन्मदिन’ म्हणत एवढं लक्षात ठेवलं की पुरे, नाहीतर जुन्या यादीतली पुण्यतिथी जयंती समजून बसाल. आणि शक्यतो ‘हुतात्मा’ नको. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार. आपल्याकडच्या ख्रिस्ती मराठीत ‘रक्तसाक्षी’ हा नेमका शब्द असताना दुसरा कशाला?

खरी मेख प्रार्थनेच्या दिशेत आहे. साध्या मृतासाठी प्रार्थना करतात. रक्तसाक्षीला मात्र आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतात.

ही मेख समजायला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तुरुंगात जावं लागतं. साल 203. पर्पेतुआ, बाविशीची, अंगावर पिणारं मूल असलेली बाई, ख्रिस्ती असल्याबद्दलच्या शिक्षेची वाट पाहत होती. तिथे तिनं स्वतः लिहून ठेवलेला मजकूर आजही वाचता येतो. एकदा प्रार्थना करताना तिच्या तोंडून अचानक दिनोक्रातेसचं नाव निघालं. हा तिचा धाकटा भाऊ, चेहऱ्यावरच्या जखमेनं सातव्या वर्षी गेलेला. त्या रात्री तिला तो दिसला. अंधाऱ्या जागेतून बाहेर येणारा, मळका, तहानेनं व्याकूळ, चेहऱ्यावर तीच जखम. समोर पाण्यानं भरलेलं कुंड, पण त्याचा काठ पोराच्या उंचीपेक्षा वर. टाचा उंचावतोय आणि पाणी मिळत नाही. ती रात्रंदिवस त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत राहिली. मग पुन्हा दिसला तेव्हा अंग स्वच्छ, जखमेच्या जागी नुसता व्रण, आणि कुंडाचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आलेला. पोटभर पाणी प्यायला आणि पोरं खेळतात तसा खेळायला गेला.

इथवर ती मृतासाठी प्रार्थना करणारी बहीण आहे. 7 मार्चला ती कार्थेजच्या रिंगणात मारली गेली आणि दुसऱ्या बाजूला गेली. पुढे तिच्या दिवशी तिचा वृत्तांत चर्चमध्ये वाचला जाई. तिच्या कुंडाचा काठ खाली यावा म्हणून कुणी प्रार्थना केली नाही. तिला त्याची गरजच नव्हती, गरज वाचणाऱ्यांना होती. ऑगस्टीननं हे एका प्रवचनात रोखठोक सांगितलंय: रक्तसाक्षीसाठी प्रार्थना करणं म्हणजे त्याचा अपमान, उलट आपणच त्याच्या प्रार्थनेच्या आधारानं राहायचं. म्हणूनच, तो म्हणतो, वेदीपाशी रक्तसाक्षींची नावं एका ठिकाणी घेतात आणि इतर मृतांची दुसऱ्या. वसईकरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. आजोबांच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगतात, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारल्या गेलेल्या वसईच्याच गोन्सालो गार्सियांच्या आत्म्यासाठी कोण सांगेल?

ही रेघ पहिल्या दिवसापासून इतकी ठळक होती असं मात्र समजू नका. 250 च्या आसपास कार्थेजचाच बिशप सिप्रियन काही रक्तसाक्षींबद्दल बिनदिक्कत लिहितो की त्यांच्या दिवशी आम्ही ‘त्यांच्यासाठी’ अर्पण करतो. रोममध्ये आप्पिया रस्त्यावर, सेबास्तियनच्या नावाच्या बासिलिकेखाली (मोठ्या चर्चखाली), एक जेवणाची जागा सापडली आहे. तिच्या भिंतीवर भाविकांनी पेत्र आणि पौल या रक्तसाक्षी प्रेषितांबद्दल खरडलेलं आहे. एकजण लिहितो, पेत्र आणि पौलासाठी मी जेवण घातलं. दुसरा लिहितो, पौल आणि पेत्र, विक्टरसाठी विनंती करा. एकाच गिलाव्यावर श्राद्धासारखं वाटणारंही आहे आणि दुसरंही. ‘श्राद्धच’ म्हणणारे पहिली ओळ वाचून थांबतात.

‘म्हणजे रक्तसाक्षींना देव मानत?’ नाही. ऑगस्टीन विचारतो, ‘पेत्रा, तुला हे अर्पण’ असं म्हणणारा पुरोहित कुणी पाहिलाय का? विषय संपला.

दुसरा फरक गोतावळ्याचा. पितर घराण्याचे असतात, रक्तसाक्षी गावाचा. रोमच्या 354 च्या पंचांगातली यादी पाहा. तारीख, नाव आणि थडग्याची जागा, बास. 10 ऑगस्ट, लॉरेन्स, तिबुर्तीना रस्ता. जवळजवळ सगळे रोमचेच. पर्पेतुआ आहे, पण ‘आफ्रिका’ अशा शेऱ्यासह. आजच्या तुर्कस्तानातल्या स्मर्नाचा रक्तसाक्षी बिशप पॉलिकार्प, त्याचं नाव नाही, तो त्याच्या गावचा.

मग एखादं हाड रक्तसाक्षीचं की साध्या मृताचं, हे ठरवणार कोण? गावचं चर्च. कार्थेजमध्ये लुसिल्ला नावाची श्रीमंत बाई ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी कुणा मृताच्या हाडाचं चुंबन घ्यायची. तिच्या मते तो रक्तसाक्षी. असेलही, पण चर्चनं अजून मान्यता दिलेली नव्हती. केसिलियन नावाच्या आर्चडीकननं (बिशपच्या मुख्य मदतनिसानं) तिला चारचौघांत फटकारलं. बाई संतापून निघून गेल्या. पुढे हाच केसिलियन बिशप झाला, तेव्हा विरोधकांनी त्याच्यासमोर मायोरिनसला उभा केला. तो लुसिल्लाच्या घरचाच माणूस, आणि त्याच्या निवडीसाठी पैसाही तिनेच ओतला. आफ्रिकेतलं चर्च जे दुभंगलं, ते शंभराहून जास्त वर्षं सांधलं नाही.