जूनमध्ये उगवलेला शरद ऋतू

पक्ष्यांच्या स्थलांतराला फ्रेंचमध्ये दोन नावं आहेत, 'प्रेन्युप्सियाल' आणि 'पोस्तन्युप्सियाल'. म्हणजे विणीआधीचं आणि विणीनंतरचं. इंग्रजीत अनुवाद करताना त्यांच्या जागी बहुतेक वेळा 'स्प्रिंग मायग्रेशन' आणि 'ऑटम मायग्रेशन' असं लिहितात. 'प्रीनप्शियल' हा शब्द तसाच ठेवला तर इंग्रजी वाचकाला पक्ष्याऐवजी लग्नाआधी केलेला मालमत्तेचा करार आठवेल, म्हणून ऋतूचं नाव सोयीचं.

पण इथंच गोम आहे. ग्रीन सँडपायपर हा पाणथळीचा पक्षी उत्तर युरोपात वीण करतो. पिल्लं थोडी मोठी होण्याआधीच मादी त्यांना नराच्या भरवशावर सोडून दक्षिणेकडे निघते. तेव्हा जून चालू असतो. फ्रेंच निरीक्षक 'विणीनंतरचं स्थलांतर सुरू' अशी नोंद करतो आणि ती अचूक असते. तिच्या इंग्रजी अनुवादात मात्र भर जूनमध्ये शरद ऋतू उगवतो! अशा ठिकाणी मी तरी 'पोस्ट-ब्रीडिंग' हाच शब्द घेईन, जरा रुक्ष वाटला तरी.

उड्डाणाच्या शब्दांत याहून मजेदार खड्डा आहे. पिरेनीज पर्वतातल्या ऑर्गानबिदेश्का या खिंडीत 1979 पासून स्थलांतरी पक्षी मोजले जातात. उन्हाळा सरताना तिथून मधुबाज जातात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत पंख न हलवता घिरट्या घेत ते उंची गाठतात आणि मग हळूहळू उतरत पुढच्या चढत्या हवेपर्यंत तरंगत जातात. हवेच्या जोरावर असं वर चढणं म्हणजे 'व्होल आ व्वाल', शब्दशः शिडाचं उड्डाण, इंग्रजीत 'सोअरिंग'. उतरत तरंगणं म्हणजे 'व्होल प्लाने', इंग्रजीत 'ग्लायडिंग'. आता शब्दकोश उघडा. 'व्होल आ व्वाल' समोर 'ग्लायडिंग' सापडेल, कारण बिनइंजिनाच्या विमानांच्या खेळाचंही फ्रेंच नाव तेच आहे. कोश चुकलेला नाही, तो विमानाबद्दल बोलतोय. पण त्याच्यावर विसंबलात तर आकाशात चढणारा मधुबाज इंग्रजीत येताच उतरू लागतो.

पुन्हा ओळखता यावा म्हणून पायात कडी घातलेला पक्षी नंतर जिवंत सापडला तर फ्रेंचमध्ये ते 'काँत्रोल', मेलेला सापडला तर 'रेप्रीझ'. कडी घालणारे ब्रिटिश अभ्यासकही 'कंट्रोल' म्हणतात, त्यामुळे मोह होतोच. पण 'बर्ड कंट्रोल' वाचून सामान्य वाचकाला उपद्रवी पक्ष्यांचा बंदोबस्त आठवणार. 'रीकॅप्चर' बरा. खुद्द कडी घालण्याला ब्रिटनमध्ये 'रिंगिंग' आणि अमेरिकेत 'बँडिंग' म्हणतात, तेव्हा वाचक कुठला हे आधी विचारून घ्यावं.

सगळ्यात फसवा शब्द 'एस्तिव्हाँ'. वरवर पाहता उन्हाळी पाहुणा, म्हणजे इंग्रजीतला 'समर व्हिजिटर'. पण इंग्रजीतला हा पाहुणा वीण करायला येतो, तर फ्रेंच पक्षीनिरीक्षकांचा 'एस्तिव्हाँ' बहुधा वीण न करता उन्हाळा काढणारा असतो. किनाऱ्यावरचे काही कोवळे पाणपक्षी पहिल्या वर्षी उत्तरेला जातच नाहीत, ते हे. उलट दिशेनं, इंग्रजीतल्या 'समर व्हिजिटर'साठी फ्रेंचमध्ये 'निशर मिग्रातर', म्हणजे घरटं करणारा स्थलांतरी, असं लिहावं लागतं. फ्रेंच याद्यांत कुक्कूसुद्धा 'निशर' असतो. त्यानं जन्मात कधी घरटं बांधलेलं नसतं.