समुद्रावरची मोजपट्टी उजनीलाही हवी

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. ती बातमी सोलापुरातही सगळ्यांनी वाचली. त्याच सुमारास निघालेला दुसरा आदेश मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे. समुद्रातल्या 54 जातींसाठी सरकारने किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची लांबी 135 मिलिमीटर. त्याहून लहान पापलेट धरायचं नाही. केरळने असा नियम 2015 मध्येच आणला होता. त्यानंतर आपण आणला.

हा आकडा कुणा अधिकाऱ्याने टेबलावर बसून ठरवलेला नाही. तो कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून आला. ही संस्था 1947 पासून काम करते आणि तिचं एक केंद्र मुंबईत आहे. तिथल्या कामाचा बराचसा भाग चिकाटीचा आणि वासाचा असतो. बंदरावर मासळी उतरली की लहानमोठे मासे घ्यायचे, प्रत्येकाची लांबी आणि वजन लिहायचं, मग पोट चिरून आतली गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, पाहायची. कोवळ्या मादीत ती इतकी बारीक आणि पारदर्शक असते की नवख्याला सापडतही नाही. मादी वयात येऊ लागली की गाभोळी पिवळसर होते, फुगते, आणि पुढे अंडी नुसत्या डोळ्यांनी सुटी दिसायला लागतात. वीण झाल्यावर तीच लालसर, सैल आणि रिकामी होते. हे काम दर महिन्याला, वर्षभर आणि शेकडो माशांवर केलं की दोन गोष्टी हाती येतात: वीण कोणत्या महिन्यांत होते, आणि किती लांबीपासून माद्या अंडी धरू लागतात. कायद्यातली लांबी अशा नोंदींवर उभी राहते. ती ठरवताना मच्छिमाराला काय परवडेल, हेही पाहावंच लागतं.

वय काढणं आणखी किचकट. माशाच्या कानात चुनखडीसारखा एक बारीक खडा असतो आणि त्यावर वाढीची वर्तुळं उमटतात. थंड समुद्रातल्या माशांत वर्षाचं वर्तुळ ठळक दिसतं. आपल्या उबदार पाण्यात हिवाळा आणि उन्हाळा यांतला फरक कमी, म्हणून वर्तुळं पुसट. त्यामुळे आपल्याकडचे संशोधक बऱ्याचदा वेगळी वाट धरतात. दर महिन्याला हजारो माशांची लांबी मोजून आलेख काढतात. एका महिन्यात दहा सेंटिमीटरच्या आसपास माशांची गर्दी दिसली आणि पुढच्या महिन्यांत ती गर्दी हळूहळू मोठ्या लांबीकडे सरकली, तर त्या सरकण्यावरून वाढीचा वेग कळतो. यासाठी लागते एक मोजपट्टी, एक वही आणि कुठल्याही महिन्याला न चुकणारा माणूस. मला या पद्धतीचं फार कौतुक वाटतं, कारण ती महागडी नाही.

याच संस्थेचे निरीक्षक देशाच्या किनाऱ्यावर ठरावीक बंदरांवर, ठरावीक दिवशी उभे राहून किती होड्या आल्या आणि कुठल्या जाळ्यात काय मिळालं, हे टिपतात. त्या नमुन्यावरून सगळ्या किनाऱ्याच्या मासळीचा अंदाज निघतो. अशा नोंदी दशकानुदशकं होत राहिल्या म्हणूनच, पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाकडे मिळणारी तारली (सार्डिन मासळी) उत्तरेकडे सरकते आहे, हे ठामपणे सांगता आलं. पापलेट घटतंय, हे पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी बंदराच्या मच्छिमाराला कुणी शिकवावं लागत नाही. तिथे पिल्लं धरणं थांबवा, ही मागणी बरीच आधीपासून होत होती. पण आपलं म्हणणं मंत्रालयात मांडायचं तर हातात आकडा लागतो, आणि तो आकडा या वह्यांनी दिला.

किनाऱ्याला विज्ञानाची आणखीही मदत मिळते. हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि पाण्यातल्या हरितद्रव्याचं प्रमाण पाहते आणि मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे, ते बंदरनिहाय कळवते: कोणती दिशा, किती अंतर, किती खोली. त्यामुळे मासळी शोधत फिरण्यात जाणारं डिझेल वाचतं. पण किती धरायचं आणि कुठे थांबायचं, हे उपग्रह सांगत नाही. ते पुन्हा मोजपट्टीच सांगते.

आता आपल्याकडे बघू. सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण उजनी आहे. 1980 साली पूर्ण झालेलं, 117 टीएमसीचं हे धरण आहे. रोज सकाळी आपण उजनी किती टक्के, हे वाचतो. उन्हाळ्यात ती मायनसमध्ये गेली की काळजी करतो. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. हे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. शून्य टक्के होतं तेव्हाही धरणात सुमारे 63 टीएमसी पाणी असतं आणि मासे त्यातच जगतात. मायनस सुरू झालं की काठावरचं उथळ पाणी झपाट्याने आटतं आणि लहानमोठे सगळे मासे उरलेल्या पाण्यात दाटीने गोळा होतात. अशा वेळी बारीक आसाचं वडाप जाळं ओढलं, तर बोटभर पिल्लंही त्यात येतात. करमाळा, इंदापूर, माढ्याच्या काठावर मासेमारी करून पोट भरणारी भोई, कोळी, कहार कुटुंबं याविरुद्ध कितीतरी वर्षं ओरडत आहेत. माझ्या मते त्यांचं म्हणणं खरं आहे आणि सातपाटीकरांइतकंच ऐकण्यासारखं आहे.

तरीही समुद्रावरचा नियम जसाच्या तसा इथे आणून चालणार नाही. पापलेटच्या बाबतीत विचार सरळ आहे: मादीला एकदा तरी अंडी घालू द्या. कटला, रोहू, मृगळ या गोड्या पाण्यातल्या कार्प माशांचं तसं नाही. हे मासे पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात वितात. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून धरणात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, सोडावी लागते. ती मिळते कारण 10 जुलै 1957 रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली. आज देशभरातली मत्स्यबीज केंद्रं त्याच शोधावर चालतात. बोटुकली निदान शंभर मिलिमीटरची असावी, असं जलाशयातले संशोधक सांगतात. त्याहून लहान सोडली तर ती मरळीसारख्या शिकारी माशांच्या पोटात जाते. आणि सोडल्यावर ती किलोभर होण्याआधीच वडापात गेली, तर सरकारचं बीज आणि मच्छिमाराचा हंगाम दोन्ही बुडाले.

चिलापीचं (तिलापियाचं) गणित अगदी उलटं. हा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये भारतात आला. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लंही संकट दिसलं की तिच्या तोंडात शिरतात, आणि वर्षात ती अनेकदा विते. गर्दी झाली की चिलापी लहान असतानाच वयात येते आणि पुढे फारशी वाढत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं, शेवाळाने पाणी हिरवं होतं, पहाटे पाण्यातला प्राणवायू घसरतो. अशा पाण्यात चिलापी इतरांपेक्षा चांगली तग धरते. म्हणून चिलापीला किमान लांबीचा नियम लावून काही साधणार नाही. तिथे कटला-रोहूला जागा कशी उरेल, हा प्रश्न आहे.

या प्रश्नांची उत्तरं उजनीवरच शोधावी लागतील. जलाशयाच्या वरच्या अंगाला भीमेचा पूर वाहतो, तिथे कार्प मासे स्वतःहून वितात का? पावसाळ्यात बारीक कापडी जाळ्याने अंडी आणि इवली पिल्लं गोळा केली, तर ते कळेल. भिगवण-इंदापूरच्या लिलावात मासळीचं वजन रोज होतंच. त्यात आठवड्यातून एकदा, जातवार शंभर माशांची लांबी लिहिली गेली तर दोन-तीन वर्षांत समुद्रावर काढतात तसे आलेख उजनीचेही निघतील. सोलापूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या मुलांना आणि काठावरच्या मच्छिमार सोसायट्यांना मिळून हे जमण्यासारखं आहे. सोसायट्यांना यात धरावंच लागेल, कारण कुठलं जाळं कधी आणि कुठे पडतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. मोजायला सुरुवात एप्रिल ते जून या महिन्यांपासून करावी. पाणी मायनसमध्ये असतं आणि मासे दाटीने गोळा झालेले असतात, तेव्हाच सगळ्यात जास्त पिल्लं जाळ्यात जाण्याची भीती असते.