ठरलेल्या सिझरचा दिवस: काय होतं, कसं होतं

ताई, तुमच्या सिझरची तारीख ठरली आहे. त्या दिवशी काय घडणार हे माहीत असलं की निम्मी भीती जाते, म्हणून हे पत्रक. घरात सगळ्यांना वाचायला द्या, आईला आणि सासूबाईंना तर आवर्जून.

आधी मुहूर्ताबद्दल. 39 आठवडे पूर्ण झाल्यावरचा मुहूर्त असेल, तर आम्ही आनंदाने सांभाळून घेतो. पण निव्वळ नक्षत्र चांगलं म्हणून त्याआधीचा दिवस देत नाही. कळा सुरू होण्याआधी लवकर काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी राहून त्याला धाप लागण्याची, पेटीत ठेवावं लागण्याची शक्यता जास्त असते. वैद्यकीय कारणाने लवकर करावं लागलं तर गोष्ट वेगळी. आणि तारखेआधीच कळा आल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर तारखेची वाट पाहू नका. रात्री-अपरात्री कधीही निघा.

उपाशी राहण्याबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. ऑपरेशनच्या 6 तास आधी खाणं बंद, तळलेलं-जड असेल तर 8 तास आधी. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र खाण्यातच धरतात. ‘घोटभर चहाने काय होतंय’ असं म्हणून कुणी प्रेमाने कप पुढे केला, तरी घेऊ नका. घेतला असेल तर लपवू नका, सांगा. फार तर ऑपरेशन थोडं पुढे जाईल. बीपी, थायरॉइड, साखरेची औषधं चालू असतील तर त्या सकाळी कोणती घ्यायची हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

येताना सोनोग्राफीसह सगळी फाइल, आधार कार्ड, मेडिक्लेम असेल तर त्याचे कागद आणा. दागिने घरीच ठेवा. नेलपॉलिश काढा आणि मेंदी काढणार असाल तर निदान एका हाताची बोटं कोरी ठेवा, कारण ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटालाच लावतात. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो. गरज असेल तर सिस्टर इथे मशीनने काढतील.

भरती झाल्यावर सलाईन लागेल, अँटिबायोटिकचं इंजेक्शन मिळेल. संमतीपत्रावर सही तुमची असते. वाचून, विचारून मगच करा. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगितलेली असली तरी पुन्हा सांगा.

ऑपरेशन थिएटरमध्ये थंडी वाजते. टेबलावर तुम्हाला बसवून, उशी कवटाळून पुढे वाकायला सांगतील. सिस्टर समोरून खांदे धरून उभ्या राहतील. पाठीला गार औषध लावतात, मग भुलीची एक बारीक सुई टोचते. तेवढा वेळ हलू नका. थोड्याच वेळात पाय गरम, मग जड होतात. भूल चढली का हे तपासल्याशिवाय कुणी चिरा देत नाही. लघवीची नळी सहसा त्यानंतरच घालतात, म्हणजे ती दुखत नाही. या इंजेक्शनने जन्मभराची पाठदुखी लागते असं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण तसं नाही. थोड्या जणींना पुढचे काही दिवस बसल्यावर डोकं दुखतं. तसं झालं तर सांगा, त्यावर उपाय आहे.

तुम्ही जाग्याच असता. समोर पडदा असतो. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. बाळ बाहेर येताना पोटाच्या वरच्या भागावर चांगलाच दाब येतो. मळमळलं, गरगरलं, दुखलं तर डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञांना लगेच सांगा. सहन करत पडून राहू नका. पहिलंच सिझर असेल तर बाळ बहुधा पहिल्या 10 मिनिटांत बाहेर येतं. टाक्यांना त्याहून जास्त वेळ लागतो, सगळं मिळून पाऊण ते एक तास. आधीचं सिझर असेल तर थोडं अधिक. बाहेर बसलेल्यांनी बाळ पाहिलं, आई अजून का नाही आली, म्हणून घाबरू नये. भुलीमुळे हुडहुडी भरते, तीही थांबते.

बाळ ठीक असेल तर तासाभरात अंगावर घ्यायला देतो. पहिलं घट्ट पिवळसर दूध थोडंच येतं, पण बाळाला तेवढं पुरतं. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची हौस आजीबाईंना असते. आजीबाई, कृपा करून मध, घुटी, साखरपाणी काही नको. मधातून एक गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षभर मध नाही.

त्याच दिवशी घोट-घोट पाणी, मग हलकं खाणं सुरू होतं. नळी साधारण दुसऱ्या दिवशी काढतात आणि आम्ही चालायला लावतो. पहिली पावलं जड जातात, टाके ओढतात. तरीही उठायचं, नाहीतर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. दुखणं वाढण्याआधी गोळी मागा. गोळी घेतल्याने दूध बिघडत नाही.

घरी गेल्यावर ताप आला, टाक्यांतून पू किंवा पाणी आलं, तासाभरात पॅड भिजू लागला, एकच पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर फोन करून विचारत बसू नका, थेट या.