घोट्याच्या नव्या सांध्याला गुण कोणी द्यायचे?

सांधेरोपणाच्या जाहिरातींत यशाची टक्केवारी ठळक अक्षरांत छापलेली असते. यश कशाला म्हटले आहे, हे मात्र त्यात कुठेच नसते. घोट्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. येथे बहुसंख्य रुग्णांचा सांधा जुन्या अस्थिभंगामुळे किंवा दुखापतीमुळे झिजलेला असतो आणि त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे कृत्रिम सांधा बसवणे. दुसरी वाट फ्यूजनची, म्हणजे हाडे स्क्रूने एकमेकांना जोडून सांधा कायमचा जखडून टाकण्याची. त्यात हालचाल जाते, पण तिच्याबरोबर दुखणेही जावे अशी अपेक्षा असते. यांतील सरस कोणती, हे ठरवायला मोजपट्टी हवी.

सर्वांत सोपी मोजपट्टी म्हणजे सांधा किती वर्षे टिकला. ब्रिटन, न्यूझीलंड, स्वीडन येथे अशा नोंदी पद्धतशीर ठेवल्या जातात आणि त्या मोलाच्या आहेत. परंतु वेदना सोसत चालणारा, पण पुन्हा शस्त्रक्रिया नको म्हणणारा रुग्णही या हिशेबात यशस्वीच ठरतो.

१९९४ साली अमेरिकेतील पाय व घोट्याच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १०० गुणांची पद्धत आणली : वेदनेला ४०, कार्यक्षमतेला ५०, पायाच्या ठेवणीला १०. त्यात वेदनेच्या पायऱ्या चारच : ४०, ३०, २० आणि एकदम शून्य. रोजची मध्यम वेदना २० गुणांची, तर जवळजवळ सतत असणारी तीव्र वेदना शून्याची. मधल्या रुग्णाला जागाच नाही. चालण्याचे अंतर शहरातील ‘ब्लॉक’मध्ये, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या टप्प्यांत विचारायचे, आणि काही गुण तपासणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचे. ज्याने शस्त्रक्रिया केली त्यानेच परीक्षक व्हावे, ही व्यवस्था मला कधीच पटलेली नाही.

म्हणून आता रुग्णाने स्वतः भरायच्या प्रश्नावल्यांवर भर आहे. मँचेस्टर-ऑक्सफर्ड प्रश्नावलीत १६ प्रश्न असून उत्तरे गेल्या चार आठवड्यांविषयी द्यायची असतात. चालणे व उभे राहणे या विभागात सात प्रश्न येतात. पायाच्या दुखण्यामुळे चालण्याऐवजी बस किंवा मोटार घेता का, हा त्यांतलाच एक. प्रत्येक उत्तराला ‘कधीच नाही’पासून ‘नेहमीच’पर्यंत शून्य ते चार गुण मिळतात, म्हणजे बेरीज जास्तीत जास्त २८. तिचे रूपांतर शून्य ते शंभरात करतात आणि शंभर म्हणजे सर्वांत वाईट. याचा अर्थ, एका प्रश्नाचे उत्तर एका पायरीने सुधारले की सुमारे ३.६ गुण कमी होतात. हा बारकावा लक्षात ठेवला की पुढचे आकडे बोलू लागतात.

ब्रिटनमधील ‘टार्वा’ या चाचणीत ५० ते ८५ वर्षे वयाच्या ३०३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराने चालणे व उभे राहणे या विभागात सांधेरोपण झालेल्यांचे गुण सरासरी ४९.९ने, तर फ्यूजन झालेल्यांचे ४४.४ने सुधारले. २८ पायऱ्यांच्या भाषेत हे अनुक्रमे सुमारे १४ आणि साडेबारा पायऱ्या झाले. इतर घटकांचा हिशेब करून उरलेला फरक ५.६ गुणांचा, म्हणजे जेमतेम दीड पायरीचा. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक मात्र १२ गुणांचा, म्हणजे तीनहून अधिक पायऱ्यांचा धरला होता. विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, सांधेरोपणाच्या बाजूने १२.५पासून फ्यूजनच्या बाजूने १.४पर्यंत पसरलेले असल्याने हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध होत नाही. पण त्याचे एक टोक १२च्या पलीकडे जात असल्याने ‘फरक नाहीच’ असेही ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णांना ठाऊक होते, आणि नव्या सांध्याविषयीची अपेक्षा उत्तरांत उतरू शकते. जखम भरण्यातील अडचणी सांधेरोपणात १३.४ टक्के, तर फ्यूजनमध्ये ५.७ टक्के रुग्णांना आल्या.

या १६ प्रश्नांत उकिडवे बसण्याविषयी एकही प्रश्न नाही. टाच जमिनीवर टेकवून उकिडवे बसायचे तर नडगी पावलावर पुढे झुकावी लागते आणि ही हालचाल मुख्यतः घोट्यातच होते. जखडलेल्या घोट्यात ती उरत नाही. कृत्रिम सांध्यात ती पुरेशी मिळेलच असेही नाही. खुरपणी करणाऱ्या किंवा भारतीय पद्धतीचा संडास वापरणाऱ्या रुग्णासाठी या प्रश्नावलीचा नुसता मराठी अनुवाद अपुरा पडेल; उकिडवे बसता येते का, हे शस्त्रक्रियेपूर्वी आणि वर्षभराने त्याच शब्दांत वेगळे विचारावे लागेल.