अर्ध्या गोळीचं गणित

मोठ्यांना एक गोळी, मुलाला अर्धी, तान्ह्याला पाव. हा हिशेब आपल्याकडे घरोघरी चालतो. साध्या सर्दी-तापात तो कसाबसा निभावतो, म्हणून बरोबरही वाटतो. एचआयव्हीच्या औषधांत मात्र तो साफ चुकतो.

डोल्युटेग्रॅवीर हे सध्याचं मुख्य एचआयव्हीविरोधी औषध. ६० किलोच्या माणसाला त्याची रोज ५० मिलीग्रॅमची एक गोळी लागते. मग ६ किलोच्या बाळाला किती? वजनाच्या प्रमाणात ५ मिलीग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मात्र १५ आहेत. मुलांची गोळी पाण्यात विरघळवून द्यायची असते आणि ती आतड्यातून जास्त चांगली शोषली जाते, इतकी की तिचे ३० मिलीग्रॅम मोठ्यांच्या ५० च्या बरोबरीचे ठरतात. तेही धरलं, तर त्या बाळाला किलोमागे मोठ्या माणसाच्या पाचपट औषध मिळतं. आणि तेच बाळ आठवड्याचं असताना त्याला हे औषध रोज दिलं असतं, तर ते अंगात साठत गेलं असतं.

हे कोडं सुटतं यकृतात, आणि त्याची किल्ली सगळ्यांच्या ओळखीची आहे: नवजात बाळाची कावीळ.

आपल्या तांबड्या पेशी सतत मरत असतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन मोडलं की पिवळं बिलिरुबिन उरतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे शरीराला ते सहज बाहेर टाकता येत नाही. यकृतातलं यूजीटी-१ए-१ नावाचं विकर (एन्झाइम) त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाचं शेपूट जोडतं. मग ते विरघळतं आणि पित्तावाटे निघून जातं. पोटात असताना बाळाचं बिलिरुबिन वारेतून आईकडे जातं आणि निस्तरायचं काम आईचं यकृत करतं. जन्माच्या वेळी बाळाच्या यकृतातलं हे विकर मोठ्यांच्या जेमतेम १ टक्का क्षमतेवर चालतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसतं, आणि पिवळेपणा फार वाढला तर त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. त्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि विकराच्या मदतीशिवायही ते बाहेर पडू शकतं. पुढच्या काही आठवड्यांत विकर जागं होतं आणि तीनेक महिन्यांत मोठ्यांच्या पातळीला येतं.

काविळीची माळ घातली की बाळाला उतार पडतो, असं अजूनही ऐकू येतं. बहुतेक बाळांमध्ये विकर आपल्या वेळेला जागं होणारच असतं, माळ तेवढ्यात गळ्यात पडलेली असते. पण ज्या थोड्या बाळांचं बिलिरुबिन धोक्याच्या पातळीपर्यंत चढतं, त्यांच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यांच्यासाठी माळेत गेलेले दोन दिवस फार महाग पडतात.

आता गंमत अशी, की डोल्युटेग्रॅवीरची विल्हेवाटही मुख्यतः हेच विकर लावतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं हे औषध साधारण १४ तासांत निम्मं होतं. गरोदरपणी हे औषध घेणाऱ्या मातांच्या नवजात बाळांमध्ये, वारेतून आलेलं औषध निम्मं व्हायला सुमारे ३३ तास लागलेले आढळले. म्हणजे पहिल्या आठवड्यात बाळ औषध धरून ठेवतं, आणि तीन महिन्यांनी विकर पूर्ण जोमात आलं की तेच औषध मोठ्यांपेक्षा भराभर काढून टाकतं. मोठ्या माणसाचं यकृत वजनाच्या साधारण २ टक्के असतं, तर तान्ह्या बाळाचं ४-५ टक्के. लहान शरीरात किलोमागे यकृत मोठं आणि चयापचय वेगवान.

इथे थोडं गणित लागतं. गोळी दिवसातून एकदाच द्यायची, तर महत्त्वाची ठरते ती पुढच्या गोळीच्या आधीची, म्हणजे २४ व्या तासाची पातळी. १४ तासांत निम्मं होणारं औषध २४ तासांनी शिखराच्या ३० टक्के उरतं. तेच औषध ९ तासांत निम्मं होत असेल, असं धरू, तर १६ टक्केच उरतं. वेग दीडपट झाला, पण तळाची पातळी जवळजवळ अर्ध्यावर आली, कारण घट चक्रवाढीने होते. तळ सांभाळायला शिखर बरंच उंच न्यावं लागतं, म्हणजेच डोस वाढवावा लागतो. आणि तळ सांभाळावाच लागतो. तान्ह्या मुलांच्या रक्तात विषाणू प्रचंड असतो, एका मिलीलिटरमध्ये लाखोंनी. औषध अपुरं पडलं की चुकून बदललेला एखादा विषाणू तग धरतो, वाढतो आणि ते औषध त्या मुलाच्या कामाचं राहत नाही. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन तर हेच विकर वाढवतं. म्हणून दोन्ही आजार असलेल्या मुलाला डोल्युटेग्रॅवीर दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? उपचार नसतील तर जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या 'चेर' चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणांची वाट न पाहता पहिल्या काही आठवड्यांतच औषध सुरू केल्याने त्या बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले होते.

पण द्यायचं काय, हा प्रश्न होताच. कित्येक वर्षं लोपिनाव्हीर-रिटोनाव्हीरचं सिरप हाच आधार होता. त्यात ४२ टक्के अल्कोहोल, चव कमालीची कडू, आणि औषध द्यायच्या आधी ते शीतपेटीत जपायला हवं. जिथे वीजच नाही तिथे ते कसं जपायचं? तीन औषधांची तीन सिरपं म्हणजे आईने महिन्याकाठी पिशवीभर बाटल्या घेऊन एसटीने गावी जायचं, आणि त्या बाटल्या शेजाऱ्यांपासून लपवायच्या. ते जमत नसेल, तर मोठ्यांच्या गोळीचे तुकडे.

आता किमतीबद्दल. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये मोठ्यांसाठीचा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोपर्यंत त्यासाठी १० ते १५ हजार डॉलर मोजावे लागत. मुलं मात्र मागेच राहिली, कारण त्यांची बाजारपेठच नव्हती. १९९४ मध्ये झिडोव्ह्युडीन या एचआयव्हीविरोधी औषधामुळे आईकडून बाळाकडे होणारी लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आली, पुढे औषधं सुधारत गेली आणि श्रीमंत देशांत एचआयव्ही घेऊन जन्मणारी बाळं जवळपास उरली नाहीत. उरली ती पैसे नसलेल्या देशांत, आणि त्यांच्यासाठी गोळी बनवायला कोणी पुढे येईना. हे मला फार अस्वस्थ करतं. विज्ञानाने एका ठिकाणी प्रश्न सोडवला आणि त्यामुळेच दुसऱ्या ठिकाणची मुलं हिशेबातून गळाली.

हे बदललं ते एकगठ्ठा खरेदीने. २००६ मध्ये क्लिंटन फाउंडेशन आणि युनिटेड (Unitaid) ही आंतरराष्ट्रीय आरोग्यनिधी संस्था यांनी सिप्ला व रॅनबॅक्सीशी करार केला आणि मुलांचा उपचार वर्षाला ६० डॉलरच्या आत आला. युनिटेडचा बराचसा पैसा तेव्हा येई तो विमानाच्या तिकिटांवरच्या छोट्या करातून. त्याच सुमारास नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, आपल्याकडे मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. एचआयव्हीवरच्या उपचारांच्या सरकारी एआरटी केंद्रावर ही औषधं मोफत मिळतात.

डोल्युटेग्रॅवीर मोठ्यांसाठी २०१३ मध्ये आलं. जेनेरिक कंपन्यांना मुलांसाठी ते बनवायचा परवाना २०१४ मध्ये मेडिसिन्स पेटंट पूल या, औषधांचे परवाने मिळवून देणाऱ्या संस्थेमार्फत मिळाला. आणि १ डिसेंबर २०२० रोजी व्हिॲट्रिस आणि मुंबईचीच मॅक्लिऑड्स या औषध कंपन्यांशी किंमत ठरली: स्ट्रॉबेरीच्या चवीची, दोन चमचे पाण्यात विरघळणारी १० मिलीग्रॅमची गोळी, मुलामागे वर्षाला ३६ डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे २,७०० रुपये. लोपिनाव्हीरवर आधारलेल्या पूर्ण उपचाराला वर्षाला ४८० डॉलर लागत, तो खर्च आता १२० च्या आत आला. मुलांवरच्या 'ओडिसी' या चाचणीत जुन्या औषधांवरच्या २२ टक्के मुलांमध्ये उपचार अपयशी ठरले, डोल्युटेग्रॅवीरवर १४ टक्के.

'एचआयव्ही मुळापासून बरा' अशा पुड्यांच्या जाहिराती पाहिल्या की संताप येतो. त्यांच्या नादाने बाळाची गोळी थांबली, तर विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा उसळतो.

२०२३ मध्ये जगात एचआयव्हीसह जगणारी सुमारे १४ लाख मुलं होती. त्यांपैकी ५७ टक्के उपचारांवर होती. मोठ्यांमध्ये हेच प्रमाण ७७ टक्के. मोठं कारण निदानात आहे. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे प्रतिपिंडं शोधणारी नेहमीची चाचणी फसवते. विषाणूचं जनुकद्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी सहाव्या आठवड्यालाच करावी लागते, आणि तोवर आई पुन्हा दवाखान्यात आलेली असायला हवी.

ही गोळी चार आठवड्यांच्या आणि ३ किलोच्या पुढच्या बाळांसाठी मंजूर झाली, कारण त्याआधी ते विकर पुरतं जागं नसतं. दक्षिण आफ्रिकेत नवजात बाळांवर झालेल्या अभ्यासात मग डोस लहान करण्याऐवजी दोन डोसांमधला काळ वाढवला. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड ५ मिलीग्रॅम, त्यानंतर रोज. बाळांच्या रक्तातली पातळी हवी तिथे राहिली.