पुठ्ठ्यातल्या भोकांवर नाचणारं फ्रान्स

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्समधल्या कामगार वस्त्यांतल्या काही नाचघरांना एक असा वादक मिळाला होता, जो कधी दमत नसे आणि पगारही मागत नसे. रंगवलेल्या दर्शनी भागाचा, ढोल-झांजा लावलेला, नळ्यांत हवा सोडून वाजणारा यांत्रिक ऑर्गन!

त्याची सुरावट असे भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या लांबलचक घडीत. पॅरिसच्या आन्सेल्म गाविओलीने 1892 मध्ये ही पद्धत रूढ केली. त्याआधी खिळे ठोकलेला लाकडी दंडगोल फिरवत, म्हणजे एका फेरीत मावेल तेवढंच गाणं. पुठ्ठा मात्र हवा तितका वाढवता येतो. भोक कुठे आहे त्यावरून सूर ठरतो, किती लांब आहे त्यावरून तो किती वेळ वाजणार ते. पुठ्ठा सरकताना भोक आलं की खालची छोटी धातूची पट्टी स्प्रिंगच्या जोरावर वर उसळते.

खरी गंमत यापुढे आहे. या नाजूक पट्टीला नळीत हवा सोडणारा मोठा पडदा उघडण्याची ताकद नसते. ती फक्त एक बारीकशी झडप हलवते. त्यातून सुटलेल्या हवेवर एक चिमुकला भाता हलतो आणि तो मोठा पडदा खेचतो. ढोलाच्या काठ्याही अशाच हलतात. थोड्या हवेने जास्त हवेला कामाला लावायचं, एवढंच.

पण नळीची एक अडचण आहे. जोरात हवा सोडली तर आवाज वाढतोच, पण सूरही चढतो. म्हणून आवाज मोठा करायचा तर दाब वाढवून चालत नाही, नळ्यांची आणखी एक रांग जोडावी लागते. त्यासाठीही पुठ्ठ्यात वेगळी भोकं. अकॉर्डियनमधली हवेने थरथरणारी धातूची पत्ती याबाबतीत बरीच सोशिक. दाब वाढला तरी ती सुरात जवळजवळ टिकून राहते, शिवाय वादक नाचणाऱ्यांकडे बघून लय सैल करतो. माझ्या मते नाचघरातला खरा सामना हाच होता, आणि पॅरिसच्या र्‍यू द लाप या रस्त्यावर तो अकॉर्डियनने जिंकला.

फॉक्सट्रॉट, टँगो, जावा असा नवा नाच आला की फक्त नवा पुठ्ठा पाडून घ्यावा लागे. पण 1920च्या दशकाच्या अखेरीस विजेवरचे ध्वनिवर्धक आले आणि ग्रामोफोनच्या तबकडीवरचं गाणं अख्ख्या नाचघरात ऐकू येऊ लागलं. तबकडी पुठ्ठ्याहून स्वस्त, आणि तिच्यात गाणाऱ्याचा आवाजही असे.