कांदळवन म्हणजे नुसता चिखल नव्हे

कोल्हापुरातून गगनबावड्यामार्गे मालवणला जाणाऱ्यांच्या तोंडी एक समज वर्षानुवर्षे आहे : खाडीतील कांदळवन (खाऱ्या पाण्यात वाढणारी खारफुटीची झाडी) म्हणजे निरुपयोगी चिखल, किनारा वाचवायचा तर दगडी भिंतच हवी. वस्तुस्थिती वेगळी आहे. भिंतीवर आदळलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. कांदळाच्या कमानदार मुळांत शिरलेली लाट मात्र मंदावते, सोबतचा गाळ तिथेच टाकते, आणि १०० मीटर रुंदीच्या पट्ट्यात तिची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले आहे. (पंचगंगेच्या पुरानंतर उसाच्या फडात साचलेला गाळ पाहिलेल्यांना हे नवल वाटू नये.) २०२० च्या एका जागतिक अभ्यासाने या संरक्षणाचे मोल वर्षाला ६५ अब्ज डॉलरहून अधिक ठरवले. अर्थात, अरुंद पट्टा त्सुनामी थोपवू शकत नाही.